आधी आबा झोपून बघणार

"आबाजी गए! अरे शटर गिराओ, आबाजी गए!"

पाटणकर बाजाराच्या तोंडाशी बसणारा बनवारी हारवाला असा काही ओरडला, की तिकडे किल्ल्यावर बसलेली कबुतरं उडाली. समोरून हातठेला येत होता. ठेल्यावर लोखंडी पलंग, पलंगावर पांढरी चादर आणि चादरीवर पांढरा सदरा-पायजमा घातलेले आबा मोहिते उताणे पडलेले. हात छातीवर, डोळे मिटलेले. ठेलेवाला परसराम मान खाली घालून ओढत होता. मान खाली होती ती चढामुळं, पण हे बघणाऱ्याला कसं कळावं? मिठाईवाल्यानं कढईखालचा गॅस बंद केला. स्कूटरवाले स्कूटर थांबवून उतरले. आमच्या ओळीतली शटरं अर्ध्यावर आली. बनवारीनं दुकानातला सगळ्यांत जाड झेंडूचा हार उचलला, धावत जाऊन आबांच्या छातीवर ठेवला, पायांना हात लावला आणि गहिवरून म्हणाला, "बड़े पुण्यात्मा थे."

"'थे' क्या होता है रे?" आबांनी डोळे न उघडता विचारलं. "परसराम, रुको मत. पायाकडचा स्क्रू वाजतोय, नीट ऐकू दे."

बनवारी रस्त्यातच फतकल मारून बसला. त्याला पाणी पाजायला अर्धा बाजार लागला. हार आबांनी परत केला नाही. तो पलंगाबरोबर मुरार भागातल्या एका पेशंटच्या घरी गेला, आणि पेशंट चांगला खडखडीत बरा झाला. काही लोक हा किस्सा सांगताना मागे बँडही वाजत होता म्हणतात. ते साफ खोटं आहे. बँड दुसऱ्या एका वरातीचा होता आणि तो पडाव भागाकडून येत होता. मी माझ्या घड्याळांच्या दुकानाच्या दारात उभा राहून हे सगळं पाहिलंय, तेव्हा माझ्याइतकं खरं तुम्हांला कुणी सांगणार नाही.

आबा खरेच गेले ते गेल्या हिवाळ्यात. दुपारचं जेवून पडले, ते उठले नाहीत. तरी बाजारातल्या निम्म्या लोकांनी हार घ्यायला संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. न जाणो, उठले तर!

आमच्या क्लबाचं नाव भारदस्त इंग्रजी आहे. कोटाला लावायची पिन आहे, दर वर्षी नवा अध्यक्ष असतो, आणि तो दर वर्षी तेच भाषण नव्या चष्म्यातून वाचतो. पण ग्वाल्हेरात ते नाव घेऊन कुणाला पत्ता विचारलात तर माणूस तुम्हांला रेल्वे स्टेशनवर पाठवेल. 'पलंगवाले कुठे?' विचारा, मग आंधळासुद्धा गोरखीतल्या त्या गल्लीत आणून सोडेल. तिथं क्लबाचं भांडार आहे. तीन पायऱ्या चढून दोन खोल्या, आणि त्यांत आजारपणाचं सगळं साहित्य. हँडल फिरवून डोकं वर होणारे पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवा भरायच्या गाद्या. ज्याच्या घरात दुखणं आलं त्यानं न्यावं, काम झालं की परत आणावं. या खोल्यांची चाबी आबांच्या कमरेला असे. ती कधीपासून होती हे मला माहीत नाही. मी क्लबात आलो तेव्हा होती, आणि तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते.

आबा म्हणजे वामनराव मोहिते. बसडेपोत वेळा लिहिण्याची नोकरी केली, पुढं डेपोच बंद पडला. उंच एवढे, की दारातून आत येताना आधी नमस्कार करून मगच येत. मिशा अशा की त्यांवर कुबडी टांगावी. पूर्वज दख्खनेतून तलवार घेऊन आलेले, हे ते पाहुण्याला चहाच्या पहिल्या घोटाला सांगत. दुसऱ्या घोटाला म्हणत, "आमचे खापरपणजोबा घोड्यावर झोपायचे. मी लोकांच्या पलंगावर झोपतो. घराणं उतरत जातं ते असं."

लोकांच्या पलंगावर झोपायचं हे वेड आबांना जन्मतः नव्हतं. ते त्यांना एका बाईंनी लावलं. गोष्ट जुनी आहे. मुरारला एका निवृत्त शिक्षिकेकडं क्लबानं नवा कोरा पलंग पाठवला. डोक्याकडचा भाग वर उचलला, आणि हँडल अडकलं. बाई दोन दिवस अशा बसल्या होत्या, जशा काही फोटो काढायला स्टुडिओत बसल्यात. निरोप गेला तसे आबा धावले, जोर लावून पलंग सरळ केला, माफी मागितली. बाई शांतपणे म्हणाल्या, "माफी राहू द्या. स्वतः एकदा झोपून बघा, आणि मग लोकांना देत जा."

शिक्षिकाच त्या. आबांनी गृहपाठ जन्मभर केला.

त्यानंतर भांडारातून एकही वस्तू आबांच्या अंगाखालून गेल्याशिवाय बाहेर पडली नाही. या प्रकाराला ते 'टेस्टिंग' म्हणत. कुणी पलंग मागायला आलं की बाकीचे लोक आजार विचारतात. आबा तो कधीच विचारत नसत. त्यांचे प्रश्न वेगळे. "कोणत्या कुशीवर झोपतात? खिडकी कुठल्या हाताला? रागीट आहेत का?" मग त्या कुशीवर झोपत, त्या हाताला वळून खिडकी असल्यासारखं बघत, आणि पेशंट रागीट असेल तर मुद्दाम दोन-चार लाथा झाडत. ठेल्यावर झोपून जाण्यामागंही शास्त्र होतं. आमच्या लष्कर भागातल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर ज्याचा स्क्रू निघाला नाही, त्याचा स्वर्गातून फेकला तरी निघणार नाही.

वॉकर घेऊन ते बाड्याच्या चौकाला पूर्ण चक्कर मारत. कुबड्या घेऊन भाजी आणत. या पायाची टेस्टिंग झाली की त्या पायाची. म्हणून आबा सोमवारी डावीकडून लंगडतात आणि मंगळवारी उजवीकडून, हे बघून बाहेरगावचा एक हाडांचा डॉक्टर हातातला पेढा खाली ठेवून त्यांच्यामागं चालू लागला होता म्हणतात. कमोडच्या खुर्चीवर ते भांडाराबाहेर गल्लीत बसून पेपर वाचत. झाकण लावलेलं असे, हे सांगितलेलं बरं. पॉटची टेस्टिंग कशी केली ते मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

अशाच एका नव्या कमोडच्या खुर्चीचा एक मोठा कार्यक्रम होऊन गेला. भोपाळहून क्लबाचे कुणी वरिष्ठ पाहुणे यायचे होते. हॉलमधल्या खुर्च्या सगळ्या कडक, आणि पाहुणे वजनदार. सचिव सबनीस यांनी ऐनवेळी भांडारात नजर टाकली, हातांची, जाड गादीची एक खुर्ची दिसली, ती पुसून, वर मखमली कापड टाकून मधोमध मांडली. आबा उशिरा आले. बघतात तो पाहुणे कमोडवर विराजमान, मागे बॅनर, गळ्यात हार. सबनिसांना त्यांनी कोपऱ्यात ओढलं.

"सबनीस, तुम्ही त्यांना कशावर बसवलंय कळतंय का?"

"आबा, देवासाठी गप्प बसा."

"मी गप्पच आहे. पण टेस्टिंग झालेली नाही त्या खुर्चीची! डावा पाय हलतोय."

आणि हे महाशय पाहुण्यांच्या पायाशी जाऊन बसले, आणि संपूर्ण कार्यक्रमभर खुर्चीचा डावा पाय धरून बसले. पाहुण्यांना वाटलं, केवढी ही भक्ती. भाषणात डोळे पुसून म्हणाले, "ऐसा सम्मान मुझे कहीं नहीं मिला." ते अगदी खरं होतं.

सबनीस आणि आबा यांचं भांडण हा आमच्या सभेचा कायमचा विषय. सबनीस म्हणजे नियम. आमच्या ग्वाल्हेरात दोन तऱ्हेची मराठी घरं, एक तलवारीची आणि एक लेखणीची. सबनीस लेखणीकडचे. बाकी सगळं शहर हिंदीत भांडतं, हे दोघे मात्र एकमेकांसाठी ठेवणीतली मराठी काढत. वस्तू देताना कुणाच्या घरी किती मुदत, टेस्टिंगला किती मुदत, सगळं सबनिसांनी ठरवलेलं. टेस्टिंगला एक दिवस. "वामनराव, एक दिवसाच्या वर वस्तू तुमच्याकडं राहिली तर ती टेस्टिंग नाही, ती ऐश आहे," असं ते म्हणत.

परत आणणं हे देण्यापेक्षा अवघड. दुखणं संपलं म्हणजे दोनच गोष्टी झालेल्या असतात. माणूस उठला, तर घरचे आनंदात विसरतात. गेला, तर कुणी त्या पलंगाकडं बघायला तयार नसतं, आणि हळूहळू त्यावर रजया रचल्या जातात. आबा तेरावं झाल्यावर जात. पलंगाचं नाव काढत नसत. चहा घेत, गेलेल्याबद्दल विचारत, "चिडायचे का हो? मला वाटलंच. त्या कुशीवर झोपणारे चिडतात," असं काहीतरी म्हणत, आणि निघून येत. पुन्हा जात. तिसऱ्या खेपेला घरचेच म्हणत, "आबाजी, वो पलंग भी ले जाइए ना." पडावातल्या एका हॉटेलवाल्यानं मात्र आमची व्हीलचेअर कांद्याची पोती वाहायला ठेवून घेतली होती. आबा तिथं गेले, पोतं उतरवून स्वतः बसले, आणि हलेनात. "काम चालू ठेवा, मी बसतो," म्हणाले. हॉटेलच्या पोऱ्यांनी त्यांना दुपारभर कांद्यासारखं इकडून तिकडं नेलं. संध्याकाळी मालक हात जोडून स्वतः खुर्ची ढकलत गोरखीपर्यंत आला, आणि आबा वरच बसलेले.

एकदाच ते हात हलवत परत आले. लक्ष्मीगंजच्या बाजूला एक म्हातारे जाधव होते, त्यांची बायको आमच्या पलंगावर वर्षभर होती. ती गेल्यावर आबा नेहमीप्रमाणं गेले. मीही बरोबर होतो. संध्याकाळची वेळ होती. जाधवांनी आम्हांला बसवलं, चहा ठेवला, मग आतल्या खोलीत जाऊन रिकाम्या पलंगाचं हँडल फिरवलं. डोक्याकडचा भाग वर आला. मग बाहेर येऊन म्हणाले, "हिला या वेळेला बसायला आवडायचं." एवढंच. आबांनी चहा पूर्ण प्यायला. उठताना आत जाऊन हँडलला तेल सोडून आले.

पुढच्या सभेत सबनिसांनी विचारलं, "जाधवांकडचा पलंग?"

"टेस्टिंगवर आहे."

"कुणाच्या?"

"जाधवांच्या."

सबनिसांचा चेहरा असा झाला की पंखा थांबला. पण त्यानंतर त्या पलंगाबद्दल त्यांनीही कधी विचारलं नाही.

तर असे आबा. आणि मग सिंघलजी अध्यक्ष झाले.

सिंघलजींचा संगमरवराचा मोठा व्यापार. माणूस तरुण, मनानं उमदा, आणि प्रत्येक वाक्यात 'सिस्टम' हा शब्द घालणारा. पहिल्याच सभेत ते अतिशय आदरानं म्हणाले, "आबाजी, बहुत सेवा हो गई. अब आप बस मार्गदर्शन कीजिए." आमच्या क्लबात मार्गदर्शन याचा अर्थ खुर्ची खाली करा असा आहे. सगळ्यांनी आबांकडं बघितलं. आबांच्या मिशा आडव्या झाल्या. उठून उभे राहिले ते ट्यूबलाइटपर्यंत गेले.

"सिंघलजी, चाबी मांगनी है तो सीधे मांगो. पर सुन लो. ज्या दिवशी या वामन मोहित्याला स्वतःला खुर्ची लागेल ना, त्या दिवशी चाबी या टेबलावर आणून ठेवीन. त्याच्याआधी नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सबनिसांनीसुद्धा एक वाजवली. सिंघलजी हसून म्हणाले, "तो फिर आप सौ साल रखिए."

दिवाळीत आबा व्हीलचेअरवर दिसले.

मागून त्यांची बायको, आमच्या शालिनीकाकू, ढकलत होत्या. आबा ऐटीत बसलेले, पायावर शाल. बाजारात नेहमीचा जल्लोष झाला. बनवारी ओरडला, "क्या आबाजी, टेस्टिंग?" आबा ओरडले, "और क्या! ब्रेक देख रहा हूँ!" मिठाईवाल्यानं जिलेबी देऊन "हॉर्न लगवा लो" म्हटलं. मी दुकानातून म्हटलं, "आबा, या खुर्चीला आता मीटर बसवा!" काकू तेवढ्या हसल्या नाहीत. पण काकू एरवीही हसत नसत, त्यामुळं मी मनावर घेतलं नाही.

दिवाळी गेली, थंडी आली, आबा खुर्चीवरच. भांडाराच्या पायऱ्यांपाशी गल्लीत खुर्ची लावून बसत, काकू वर जाऊन वस्तू काढत, आबा खालून हुकूम सोडत. "डावीकडचा नको, तो करकरतो!" पलंग आला की म्हणत, "आज कंबर धरलीय, परसराम, तू झोप." परसराम बिचारा झोपे, आणि लगेच खरोखरच झोपे. लोक म्हणत, आबांची ही टेस्टिंग लांबली. कुणी म्हणे, खुर्चीच्या कंपनीला तक्रारीची चिठ्ठी लिहिताहेत. कुणी म्हणे, सबनिसांना चिडवायला बसलेत. एका माणसाच्या डोक्यात आलं नाही की हा माणूस आजारी असेल. इतकी वर्षं ज्याला रोज नव्या दुखण्यात बघितलं, त्याचं खरं दुखणं ओळखणार कोण? डॉक्टरकडं गेले तर दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "आबाजी, इसको बाहर टेस्ट करो, यहाँ मरीज बैठे हैं."

मला कळलं ते संक्रांतीला. तिळगूळ द्यायला काकूंकडं गेलो. आबा आतल्या खोलीत. मी हाक मारली, "आबा, या बाहेर, तिळगूळ घ्या."  काकूंनी माझ्यापुढं पाण्याचा पेला ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "गजू, हाक मारू नकोस रे. ते येऊ शकत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? पायांत जीव नाही. दिवाळीच्या आधीपासून. मी उचलते, मी बसवते. बाजारात तुम्ही सगळे ओरडता, तेव्हा ते ओरडतात. घरी आल्यावर एक शब्द नाही."

"मग सांगत का नाहीत?"

"सभेत ती फुशारकी मारून आलेत ना? खुर्ची लागली की चाबी ठेवीन. चाबी गेली तर हा माणूस करणार काय दिवसभर? माझ्याकडं बघत बसणार?" त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "आणि गोड बोल. बाहेर चेष्टा चालू दे, पण घरात तरी."

मी कुणाला बोललो नाही. माझ्या पोटात काही राहत नाही असं माझी बायको म्हणते, पण हे राहिलं.

होळीच्या आधी क्लबानं आबांचा सत्कार ठरवला. सिंघलजींच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की इतक्या वर्षांत कुणी या माणसाला साधी शाल घातली नाही. आबांनी नको नको म्हणून बघितलं. मग जास्त नको म्हटलं तर शंका येईल म्हणून हो म्हणाले. हॉल तुडुंब भरला होता. स्टेज नव्हतं, सतरंजीवरच टेबल मांडलेलं. बनवारी स्वतः हार घेऊन आलेला, जिवंत माणसासाठी. ज्यांनी ज्यांनी कधी पलंग नेला होता ती घरंच्या घरं लोटली होती. जाधवही कोपऱ्यात बसले होते. आबा टेबलाच्या बाजूला व्हीलचेअरवर, नवा कोट, मिशांना तेल. काकू पहिल्या रांगेत, हातांच्या मुठी मांडीवर.

सिंघलजींनी छान भाषण केलं. शेवटी शाल उघडली आणि माइकवर म्हणाले, "अब आबाजी, आज तो टेस्टिंग से उठ जाइए! खड़े होकर शॉल लीजिए!"

हॉल हसला. टाळ्या सुरू झाल्या. तालावर. "आबा उठा! आबाजी, उठो! उठा! उठो!" पोरंटोरं, म्हातारे, बनवारी, सगळे. मी एकटा हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

आबांनी हॉलवरून नजर फिरवली. सहज सुटता आलं असतं. 'ब्रेक लागलाय' म्हणाले असते तर लोक हसले असते, शाल बसल्याबसल्या मिळाली असती, चाबी कमरेला राहिली असती. त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यांची नजर जाधवांवर गेली की सबनिसांवर, मला सांगता येणार नाही. माइक ओढून घेतला.

"मला उठता येत नाही," आबा म्हणाले.

हॉल फुटला. लोक पोट धरून हसले. बनवारीनं शिट्टी मारली.

"उठता येत नाही," आबा पुन्हा म्हणाले. "टेस्टिंग नाही ही. पाय गेलेत."

हशा दुप्पट झाला. माझ्या शेजारच्या माणसानं डोळे पुसत माझ्या पाठीत थाप मारली. "क्या आदमी है!" आबांनी माइक खाली ठेवला. 

तेव्हा काकू उठल्या. घरात आवाज न करणारी बाई. त्यांना माइक लागला नाही.

"हसता काय? हंसते क्या हो सब लोग? खरं सांगतोय तो माणूस! दिवाळीपासून मी उचलतेय त्यांना. तुम्हांला एकालाही दिसलं नाही?"

हसणं तुकड्यातुकड्यानं बंद झालं. पहिल्या रांगेत आधी, मग मागे. शेवटी बनवारीचा हार त्याच्या हातातून खाली आला तो आवाजसुद्धा ऐकू आला. आबांनी कमरेची चाबी काढली आणि टेबलावर ठेवली. "खुर्ची दिवाळीपासून माझ्याकडं आहे," ते म्हणाले. "बोललो तसं करतो."

सिंघलजी शाल हातात घेऊन उभेच. त्यांच्या कुठल्याच सिस्टममध्ये हे नव्हतं. चाबीकडं सगळे बघत होते आणि हात कुणी लावेना. मग सबनीस उठले. मला वाटलं, आता हा माणूस नियम काढणार. सबनिसांनी चाबी उचलली, आबांच्या कोटाच्या खिशात टाकली, आणि चिडून म्हणाले, "वामनराव, कुठलं हँडल कुठल्या पलंगाचं ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे? मला ते शोधत बसायचं नाही. माझं वय झालंय. आणि तुम्ही म्हणालात म्हणून सभा काही ठरवत नाही. सभेत तुम्ही फार बोलता."

"पर ऊपर चढ़ेंगे कैसे?" मागून कुणीतरी विचारलं. "तीन सीढ़ी है वहाँ."

सिंघलजींना एकदम जीव आला. शाल आबांच्या खांद्यावर टाकून म्हणाले, "सीढ़ी हम पर छोड़िए!"

आणि तिथंच घात झाला. कारण दुसऱ्या कुणी उतार बांधला असता तर सिमेंटचा बांधला असता. सिंघलजींनी आपल्या दुकानातला सगळ्यांत भारी संगमरवर काढला. पांढराशुभ्र, मकराण्याचा, चार कारागिरांनी घासून घासून असा चकचकीत केला की त्यात बघून दाढी करावी. तीन पायऱ्यांवर तो उतार बसवला तेव्हा गोरखीच्या त्या गल्लीत ताजमहालाचा तुकडा पडल्यासारखा वाटला. एका मांजरानं त्यावर पाय ठेवला आणि ते खाली गल्लीत पोचलं तेव्हा अजून चालतच होतं. हे बघून कुणाला तरी शंका यायला हवी होती. पण आमच्या क्लबातली माणसं रिबन बांधण्यात दंग होती.

आबांना आधी मागच्या दारानं उचलून भांडारात नेलं. कितीतरी महिन्यांनी ते त्या खोल्यांत गेले. एकेका पलंगाच्या दांडीला हात लावला, एका गादीला चापट मारली, एका वॉकरला "तू इथं कसा?" विचारलं. मग दारात येऊन उतारावर नजर टाकली. खाली अख्खा क्लब, रिबन, फोटोवाला. सिंघलजी कात्री घेऊन पुढं आले. "आबाजी, पहले हम दो लोग पकड़ के उतारते हैं."

"कोई नहीं पकड़ेगा," आबा म्हणाले. "उद्या इथून पेशंट जाणार. आधी मी."

आणि ब्रेक सोडला.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो. आबा उतरले नाहीत, आबा सुटले. रिबन कापायची राहिली, ती छातीला गुंडाळून बरोबर गेली. फोटोवाल्याच्या फोटोत नुसती एक मिशी आलीय. क्लब दुभंगला, सबनीस डावीकडं, मी उजवीकडं, सिंघलजी कात्रीसकट भिंतीला. समोरच्या टेंट हाऊसवाल्यानं लग्नसराईच्या गाद्या बाहेर रचल्या होत्या, त्या थप्पीत खुर्ची शिरली आणि आबा गाद्यांमध्ये कोट, शाल, रिबन यांसह नाहीसे झाले.  काकूंनी फक्त डोक्याला हात लावला.

मग सगळे धावले. वरची एक गादी उचलली, दुसरी उचलली. खाली आबा, खुर्चीत ताठ, मिशीला कापूस, चेहरा असा की कुणाला तरी नापास करायचंय.  सिंघलजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वाकून म्हणाले, "आबाजी, लगी तो नहीं? ठीक हैं ना आप? कुछ तो बोलिए!"

आबांनी मिशीवरचा कापूस काढला.

"फिसलता है," ते म्हणाले.